जुनी तलवार-कट्यार हाती आली तर: आधी वाचा, मग पुसा

माळ्यावरच्या पेटीतून जुनी कट्यार निघते. घरातला सगळ्यात उत्साही माणूस तिला पॉलिश पेपर, चिंच किंवा पितळ घासायची पावडर लावून तासाभरात चकाचक करतो. मग फोटो काढून विचारतो, "ही किती जुनी असेल?" आता काय सांगणार? जे पाहून सांगता आलं असतं, ते पेपरच्या धुळीबरोबर मोरीत गेलेलं असतं.

यात हौस किंवा पैसा कमी पडत नाही, क्रम चुकतो. बहुतेक लोक साफसफाईने सुरुवात करतात आणि बघणं मागाहून ठेवतात. खालच्या टप्प्यांत साफसफाई शेवटून दुसरी येते, आणि तीही थोडीच. हे दख्खनमध्ये घरोघरी सापडणाऱ्या जुन्या पात्यांबद्दल आहे: तलवार, फिरंग (युरोपी पात्याची तलवार), कट्यार, बिचवा, खंजीर.

## सुरुवातीआधी: कायद्याच्या चार ओळी

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, सुरे यांचा वेगळा वर्ग आहे. घरकाम, शेती आणि उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. या वर्गासाठी परवाना कुठे लागतो ते त्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर ठरतं. त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेलं धरून चालू नका, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात विचारा. तलवार हातात घेऊन काढलेला फोटो समाजमाध्यमावर टाकणं हा तर कारवाई ओढवून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. मूठ हस्तिदंताची असेल तर खरेदी-विक्रीला वन्यजीव कायदा आडवा येतो. पातं शेतात, विहिरीत किंवा पाया खणताना सापडलं असेल, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते घरी आणून धुऊ नका. जमिनीतल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात, आणि ते चुकीच्या पद्धतीने वाळलं की पापुद्रे सुटून ढासळतं.

## टप्पा १: टेबल मांडा

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत:

- जाड घडी केलेली स्वच्छ चादर किंवा फोमची गादी
- नायट्राइलचे हातमोजे (सुती मोज्यातून मूठ निसटते, धागेही अडकतात)
- मोजपट्टी, शिंप्याचा टेप आणि जमल्यास व्हर्निअर कॅलिपर
- स्वयंपाकघरातला किंवा पार्सलचा वजनकाटा
- दहापट दाखवणारं भिंग
- लहान लोहचुंबक
- खालीवर होणारा टेबललॅम्प
- वही, पेन्सिल, मोबाइलचा कॅमेरा

मोजे घालायचे ते मुख्यतः पात्याच्या भल्यासाठी. घामातले क्षार पोलादावर बसले की बोटाचा ठसा पुढे गंजाने उमटतो. असा ठसा काढायला गेलं की वरचा थरही निघतो.

इशारा: मुलं, पाळीव प्राणी आणि "बघू बघू" म्हणणारे पाहुणे खोलीबाहेर. जुनी धार बोथट दिसते, पण ओढून लागली तर खोल कापते.

## टप्पा २: म्यानातून काढणं

जुन्या म्यानात आत लाकडाच्या दोन फळ्या असतात, वरून चामडं किंवा मखमल. फळ्यांचा जोड धारेच्या बाजूला उकललेला असू शकतो. म्यान मुठीत घट्ट धरून पातं खेचलं तर धार त्या फटीतून थेट बोटांवर येते. म्हणून म्यान पाठीच्या बाजूने तळहातावर पेलायचं, बोटं धारेच्या बाजूला वळवायची नाहीत. पात्याची पाठ म्यानावर टेकवून हळू, सरळ रेषेत बाहेर काढायचं.

अडकलं तर थांबा. म्यानात तेल ओतू नका, ठोकू नका, दोघांनी दोन टोकं धरून ओढाओढ करू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, ते कोरड्या हवेत कधी कधी आपोआप सोडतं. गंजाने धरलं असेल तर ते काम धातुसंवर्धन शिकलेल्या माणसाचं.

तपासणी: म्यानाचं तोंड पांढऱ्या कागदावर उलटं धरून अलगद झटका. केशरी भुकटी पडली तर आत गंज चालू आहे. हे वहीत लिहा, टप्पा ७ मध्ये लागेल.

## टप्पा ३: आहे तशी नोंद

काही पुसायच्या आधी फोटो. दोन्ही बाजू, पाठ, धार, टोक, मुठीचा प्रत्येक कोपरा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी. फ्लॅश बंद ठेवा. लॅम्प जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणून तिरका उजेड टाका. समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणाऱ्या पात्यावर ठसे, अक्षरं, घासल्याच्या रेघा अशा उजेडात उठून येतात.

मग मापं: एकूण लांबी, पात्याची लांबी, मुठीजवळची रुंदी, वजन, आणि बोटावर पातं तोलून धरलं तर तोल कुठे येतो ते. तलवार वाकडी असेल तर मुठीपासून टोकापर्यंतची सरळ रेषा मोजा, वळणावरून टेप फिरवू नका. सगळ्यांत महत्त्वाचं माप बहुतेक जण घेतच नाहीत, ते म्हणजे पाठीची जाडी. ती मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाच्या अलीकडे अशी तीन ठिकाणी घ्या.

वजनाबद्दल एक गैरसमज इथेच निस्तरू. लढाईची तलवार साधारण एक किलोच्या आसपास असते, थोडी कमी किंवा थोडी जास्त. "आमच्या पूर्वजांची तलवार वीस किलोची होती" हे ऐकायला बरं वाटतं. पण एवढं वजन मनगटावर घेऊन दिवसभर घोड्यावर बसून कुणी लढत नव्हतं. तुमच्या हातातली वस्तू चार-पाच किलोची निघाली, तर ती बहुधा शोभेची.

## टप्पा ४: पातं वाचणं

या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

### जाडीचे तीन आकडे

हाताने घडवलेलं पातं मुठीकडून टोकाकडे पातळ होत जातं. लोहाराने ठोकून ठोकून ते तसं उतरवलेलं असतं, म्हणून तोल मुठीच्या जवळ येतो आणि हत्यार हातात हलकं वाटतं. तिन्ही ठिकाणी जाडी तंतोतंत सारखी आली, तर पातं बाजारातल्या पट्टीतून कापलेलं असण्याची शंका घ्यावी. कट्यारीत मात्र उलट दिसू शकतं. चिलखताच्या कड्यांमध्ये शिरण्यासाठी तिचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असे. ती जाडी दोष समजू नका.

### मुठीजवळची बोथट जागा

आपल्याकडच्या बऱ्याच तलवारींत मुठीला लागून बोट-दोन बोटं लांबीचा भाग बिनधारेचा असतो. पकडताना तर्जनी मुठीच्या आडव्या पट्टीवरून पुढे येते, ती इथे टेकते. इराणी शमशेरीत सहसा ही जागा नसते, धार मुठीपर्यंत जाते. आपल्याकडची मूठ आणि इराणी घडणीचं पातं, अशी जोडी ओळखायला ही जागा पहिली पाहावी.

### जौहर आहे का?

जौहर म्हणजे पोलादातच असलेली, पात्यावर दिसणारी नक्षी. दख्खनचं मुशीतलं पोलाद जगभर गेलं. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या ठिकाणी इराणी व्यापारी ते विकत घ्यायला येत. बंद मुशीत वितळवलेल्या या पोलादात साधारण दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. पातं बेताच्या उष्णतेवर घडवताना त्यातले लोह-कार्बाइडचे कण ओळींत जमतात. सौम्य आम्लाचा हात दिला की ते उजळ राहतात, भोवतालचं पोलाद काळवंडतं आणि जौहर दिसू लागतो. शिकलगार (हत्यारांना धार-पाणी देणारे कारागीर) त्यासाठी हिराकस वापरत.

भिंगातून तीन गोष्टींतला फरक पाहा.

खरा जौहर बारीक, तुटक, कुठेही हुबेहूब पुन्हा न येणारा असतो. थरांचा सांधा दिसत नाही.

थर जोडून घडवलेल्या पात्यात रेषा लांब आणि सलग पळतात. पाठीवर पाहिलं तर थर एकमेकांवर बसलेले दिसतात. हेही उत्तम काम असतं, फक्त वेगळं. दुकानदार दोन्हींना सरसकट "दमास्कस" म्हणून विकतो, तिकडे लक्ष देऊ नका.

तिसरी नक्कल. साध्या पोलादावर आम्लाने वरवर नक्षी काढलेली असते. पन्हळीच्या (पात्यावरच्या लांब खोबणीच्या) काठावर, मधल्या धारदार शिरेवर ही नक्षी अडखळते किंवा थांबते. एकच आकृती ठरावीक अंतराने परत येत असेल तर प्रश्नच मिटला.

इशारा: जौहर दिसत नाही म्हणून घरी लिंबू, व्हिनेगर किंवा कोला लावून "उठवायला" जाऊ नका. खरा जौहर पोलादात आरपार असतो, आज झाकला असेल तर जाणकार तो परत आणू शकतो. घरच्या आम्लाने मात्र पातं राखाडी, खरबरीत होतं. ग्राइंडरने तर कहरच होतो. चाकाखाली पोलाद निळं पडलं की तिथली कठीणता उतरलेली असते, आणि खूप तापलं तर कार्बाइड विरघळून नक्षीच पुसली जाते.

### पन्हळी आणि ठसे

सरळ, दुधारी किंवा एकधारी पातं, त्यावर दोन-तीन अरुंद पन्हळी आणि लवचीकपणा असेल तर फिरंग असू शकते: युरोपातून आलेलं पातं, मूठ इथली. पोर्तुगीज आले तेव्हापासून अशी पाती दख्खनमध्ये येत राहिली आणि मराठ्यांनी ती आवडीने वापरली. पळणारा लांडगा हा जर्मनीतल्या पासाऊ आणि नंतर झोलिंगेन या गावांच्या पात्यांवरचा ठसा. विळ्यासारख्या दोन दातेरी कमानी उत्तर इटलीकडे बोट दाखवतात.

पण बोट दाखवतात, एवढंच. हे ठसे विकले जात होते, म्हणून त्यांची नक्कलही होत होती, युरोपात आणि इथेही. "आंद्रेआ फेरारा" या इटालियन लोहाराचं नाव कितीतरी कारागिरांनी कोरलं. "असदुल्लाह इस्फहानी" या इराणी कारागिराच्या नावाचं तेच. एका माणसाच्या आयुष्यात मावणार नाहीत इतक्या पात्यांवर ती सही आहे. ठसा पाहून काळ ठरवायचा नाही. घडण, जाडी आणि पन्हळी जे सांगतात त्याच्याशी ठसा जुळतो का, एवढंच पाहायचं.

## टप्पा ५: मूठ

तलवारीच्या लोखंडी मुठीत वरची तबकडी म्हणजे गादी, बोटांपुढून वळून येणारी पट्टी म्हणजे परज. प्रत्येक मुठीला परज असतेच असं नाही. पकड लहान वाटली म्हणून "पूर्वीचे लोक बुटके होते" असा निष्कर्ष काढू नका. पकड मुद्दाम आवळ ठेवलेली असते. गादी मनगटापाशी अडते आणि वार ओढून करायला लावते.

पात्याचं शेपूट मुठीत लाखेने बसवलेलं असतं. लाखेच्या दोन खोडी ध्यानात ठेवा: ती उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून गरम पाणी, ऊन, हेअर ड्रायर आणि स्पिरिट मुठीपासून लांब.

तपासणी: पातं आणि मूठ यांच्यामधल्या फटीत भिंगाने पाहा. जुनी लाख काळपट-तपकिरी, तडे गेलेली असते. काचेसारखं पारदर्शक किंवा एकसारखं राखाडी भरण दिसलं तर अलीकडे कुणीतरी एपॉक्सी (आधुनिक रासायनिक गोंद) ओतलंय. याचा अर्थ वस्तू खोटी, असा नाही. जुन्या पात्याला नवी मूठ बसवणं आपल्याकडे चालतच होतं. आजोबांचं पातं, बापाच्या काळची मूठ, नातवाने बदललेलं म्यान हा रीतसर इतिहास आहे. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा तिन्हींचा काळ एकच सांगितला जातो.

कट्यारीत पातं आणि मूठ जिथे जुळतात तिथल्या रिव्हेट पाहा. तुटलेल्या युरोपी तलवारीचा तुकडा कापून कट्यारीला बसवलेला बऱ्याचदा आढळतो. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातल्या अशा कट्यारी आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. मूठ दाबली की पातं कात्रीसारखं उघडून आत दुसरं पातं दिसणारी कट्यार मात्र बहुतेक १९व्या शतकातली हौसेची वस्तू असते. युद्धात तिचा उपयोग शंकास्पदच.

सोन्या-चांदीचं काम असेल तर लोखंडावर आधी आडव्या-उभ्या बारीक रेघांची जाळी कोरून त्यावर तार ठोकून बसवलेली असते. हीच कोफ्तगिरी. सोनं झिजलंय तिथे भिंगातून ती जाळी दिसते. नुसता मुलामा असेल तर झिजलेल्या जागी जाळी नसते. हा थर इतका पातळ असतो की पितळ चमकवायच्या पॉलिशचे दोन-चार हात त्याला पुरतात.

## टप्पा ६: अक्षरं आणि घरातली गोष्ट

सनाचा आकडा दिसला तर आधी तो कोणत्या कालगणनेतला ते ठरवा. शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. शके १६९०, संवत १८२५ आणि हिजरी ११८२ ही तिन्ही इसवी १७६८ च्या आसपास येतात. चुकीची कालगणना धरली तर शतकाचा फरक सहज पडतो.

आकडा बनवल्याचाच असेल असंही नाही. १६८९ च्या अदोनीच्या (आजच्या आंध्र प्रदेशातल्या) मोहिमेत मिळालेल्या शस्त्रांवर बिकानेरच्या शस्त्रागारात टिंबाटिंबांनी नोंदी ठोकलेल्या आहेत. ती तारीख मिळकतीची. पातं त्याआधीचं. टिंबांची अक्षरं दिसली तर आधी शस्त्रागाराची नोंद समजा, कारागिराची सही नंतर.

घरातली कहाणीही लिहून काढा, पण कुणी सांगितली, केव्हा, आणि त्या व्यक्तीने स्वतः पाहिलं की ऐकलं, हे त्याच ओळीत लिहा. "पणजोबांना संस्थानाकडून मिळाली, असं आत्याने सांगितलं" ही चांगली नोंद. "पानिपतावर लढलेली तलवार" ही नोंद नव्हे, तो दावा झाला. जुनी पत्रं, सनदा, तलवारीसह काढलेले फोटो सापडले तर वस्तूबरोबरच ठेवा.

तुलनेसाठी मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग संग्रहालय बघा. मापांची वही बरोबर न्या. काचेपलीकडचं पातं आणि आपलं पातं यांत काय *वेगळं* आहे ते शोधा. सारखेपणा शोधायला गेलं की तो सापडतोच.

## टप्पा ७: साफसफाई, आणि कुठे थांबायचं

आधी गंज चालू आहे की शांत, ते ठरवा. केशरी, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज चालू असतो. गडद तपकिरी किंवा काळा, घट्ट बसलेला थर शांत असतो आणि तो राहू द्यायचा. शंका असेल तर पातं दोन दिवस पांढऱ्या कागदावर ठेवा. कागद स्वच्छ राहिला तर पायरी ३ वगळा.

1. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. मुठीची सफाई इथेच संपते.
2. जुनं चिकट तेल असेल तर कापसावर थोडं ॲसिटोन घेऊन फक्त पात्यावर फिरवा, मुठीच्या दोन बोटं अलीकडे थांबा. खिडक्या उघड्या, जवळपास दिवा-गॅस काही नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.
3. चालू गंजावर शिलाई मशीनचं पातळ तेल लावून एक दिवस ठेवा. मग बांबूच्या चपट्या काडीने गंज खरवडा. लोखंडी टोकाचं काहीही नको.
4. तरी केशरी उरलं तर अगदी बारीक, चार शून्याची स्टील वूल तेलात भिजवून पात्याच्या लांबीच्या दिशेने अलगद फिरवा. ठसे, अक्षरं आणि कोफ्तगिरीवर ती अजिबात न्यायची नाही.
5. तेल पुसा, ॲसिटोनचा शेवटचा हात, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर. मेण नसेल तर त्याच मशीन तेलाचा, जेमतेम ओलसर वाटेल इतका.

थांबायची खूण: कापसावर केशरी रंग येणं बंद झालं की काम संपलं. पातं अजून काळपट असेल. असू दे.

खोबरेल तेलाची सवय सोडा. ते घट्ट होऊन चिकटतं, धूळ धरतं, आणि मुठीवर पितळ-तांबं असेल तर तिथे हिरवा मेणचट थर जमवतं.

## टप्पा ८: ठेवण

पातं म्यानात ठेवू नका. चामड्यातली आम्लं आणि लाकूड-मखमलीतला ओलावा पोलादाला लागतो. म्यान शेजारी, पातं वेगळं, दोन्ही आम्लरहित कागदात. पेटीत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. लाकूड किंवा दंताची मूठ असेल तर आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठीक. त्याहून फार कोरडं केलं तर मूठ तडकते. भिंतीवर खिळ्याला टांगू नका, विशेषतः पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर.

दसऱ्याला पूजा करायची तर जरूर करा. ओलं गंध आणि फुलं मात्र पात्याखाली अंथरलेल्या वस्त्रावर वाहा, पात्यावर नको. लिंबू तर पात्यापासून हातभर लांब. पूजा झाली की त्याच संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसून मेणाचा हात द्या, मग पेटीत. पुढची पाहणी पावसाळा सुरू व्हायच्या आधी आणि एकदा भर श्रावणात. दर वेळी टप्पा ३ मधल्याच कोनांतून फोटो काढा आणि जुन्या फोटोंशेजारी ठेवून पाहा.